माझा घाट कुठं गेला?

(मराठवाड्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी विष्णुपुरी, जि. नांदेड येथे झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'चित्रपट, धर्म आणि स्त्रिया' असा भारदस्त विषय छापला आहे. तो वाचून मीच जरा घाबरले. मी काही सिनेमातली जाणकार नाही. एम.एस.डब्ल्यू. केल्यावर गेली बारा वर्षं नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांमधून बायकांच्या गटांबरोबर काम करते आहे. पण तीन वर्षांपूर्वी आम्ही काही जणींनी मिळून एक छोटी फिल्म केली. आणि मग तिच्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आम्हीच कापून टाकला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी धमकी दिली नव्हती. तो भाग कापा असं म्हणणारी पहिली मीच होते. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे. कारण असं कापणं आपल्या कामात रोज चालतं, फक्त आपण त्याला 'समजूतदारपणा' म्हणतो.

आधी फिल्मची गोष्ट सांगते.

गोदाकाठच्या एका गावात आमचा बचतगट आहे. त्यातल्या एका बाईला आपण अक्का म्हणू. नवरा आजारात गेला. दोन मुली, मुलगा नाही. तीन एकर जमीन. नवरा गेल्यावर तिसऱ्या दिवसापासून घरात कुजबुज सुरू झाली की दहाव्याला घाटावर कोण बसणार. दीर म्हणाले, आमचा मोठा बसेल. आता वरवर पाहिलं तर ही धर्माची गोष्ट. पण ज्या बाया खेड्यात राहतात त्यांना यातली मेख लगेच कळेल. जो दहाव्याला बसतो तो वारस, असा गावाचा समज. आज पिंड ठेवला, उद्या तलाठ्याकडे अर्ज ठेवणार.

कायदा असं म्हणत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीवर विधवेचा आणि मुलींचा पहिल्या वर्गातला हक्क आहे. भाऊ त्यांच्यानंतर येतो. अग्नी कुणी दिला, दहाव्याला कोण बसलं, याचा सातबाराशी काही संबंध नाही. पण कायदा तहसिलात असतो आणि समज घाटावर असतो.

अक्का काही कायदा शिकलेली नव्हती. ती म्हणाली, "मपल्या नवऱ्याचं मी करते." आणि दहाव्याला ती स्वतः बसली. दोन्ही मुली शेजारी. हातातल्या बांगड्या तिनं फोडू दिल्या नाहीत. बायकांनी धरून न्यायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "आधी पिंड, मग बांगड्याचं बोलू." ते बोलणं पुढं झालंच नाही. गुरुजींनी एकदा दिरांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसू द्या तिला." एवढंच.

ही गोष्ट आमच्या गटातल्या बायांनीच निवडली. आमच्यापाशी एक कॅमेरा होता, नांदेडचा लग्नाचं शूटिंग करणारा एक मुलगा होता आणि एका देणगीदार संस्थेचे थोडे पैसे. अक्कानं स्वतःच अक्काचं काम केलं. गुरुजींनाही विचारलं. ते आले आणि घाटावर जसं केलं होतं तसं करून दाखवलं. फिल्म झाली चोवीस मिनिटांची.

मग आम्ही ती जोडायला बसलो आणि माझ्या पोटात गोळा आला.

मला काय दिसत होतं ते सांगते. पडद्यावर घाट होता, पिंड होता, भरल्या बांगड्यांची विधवा होती. आणि माझ्या डोळ्यांपुढे पैठण होतं.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींना 'दशक्रिया' आठवत असेल. बाबा भांड यांची पैठणच्या घाटावरची कादंबरी. संदीप पाटील यांनी तिच्यावर चित्रपट केला. 2017 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. मनोज जोशींना सहायक अभिनेत्याचा आणि संजय कृष्णाजी पाटील यांना पटकथेचा पुरस्कार मिळाला. सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात होतं. तरीही नोव्हेंबरमध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर ब्राह्मण संघटनांनी विरोध सुरू केला. अजून लोकांनी चित्रपट पाहिलेला नव्हता. प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. न्यायालयानं चित्रपट थांबवायला नकार दिला आणि 17 नोव्हेंबर 2017 ला तो लागला. पण पुण्यात विरोधामुळे काही चित्रपटगृहांनी मागे पाऊल घेतलं. म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार, सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि उच्च न्यायालयाचा निकाल, असं सगळं बरोबर असून ही गत. आणि आमच्याकडे काय होतं? एक लग्नाचं शूटिंग करणारा मुलगा.

तर मी म्हटलं, घाट काढू या.

कारणं मी चांगली दिली. ती अजून माझ्या वहीत आहेत. एक, अक्काला त्रास होईल. दोन, गटाचं काम बंद पडेल. तीन, मूळ विषय जमिनीचा आहे, घाट नसला तरी चालेल. देणगीदार संस्थेच्या अधिकाऱ्यांचा फोन आला तेव्हा तेही म्हणाले, "विषय जरा नाजूक आहे, तुम्ही ठरवा." 'तुम्ही ठरवा' म्हणजे काय, ते आपल्याला चांगलं कळतं. घाट गेला, बांगड्या गेल्या, गुरुजी गेले. फिल्म सतरा मिनिटांची झाली. त्यात अक्का बचतगटाचं कर्ज घेते, शेळ्या घेते, तलाठ्याला भेटते आणि शेवटी हसते.

ती फिल्म आम्ही पहिल्यांदा अक्काला आणि गटातल्या बायांना दाखवली. दिवे लागले. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. अक्का गप्प होती. मग मला म्हणाली, "समदं चांगलं झालं, ताई. पण माझा घाट कुठं गेला?"

मी तिला काय उत्तर देणार? म्हटलं, "अक्का, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून." ती म्हणाली, "त्रास तर व्हायचा तो झाला. तवा मी बसलेच की."

मैत्रिणींनो, त्या रात्री मी फार विचार केला. बाई प्रत्यक्षात घाटावर बसली तेव्हा घाबरली नाही. आणि तिचं चित्र दाखवायला आम्ही शिकलेल्या घाबरलो. हे कसं झालं?

एक उत्तर असं की भीती खोटी नव्हती. ती आमच्या मनात कुणीतरी वर्षानुवर्षं पेरलेली आहे, आणि त्यात बायकांचे चित्रपट पुन्हा पुन्हा येतात. 1998 च्या डिसेंबरात मुंबईत 'फायर' लागलेल्या चित्रपटगृहांत शिवसैनिकांनी घुसून तोडफोड केली. त्यातल्या बायकांची नावं राधा आणि सीता होती. हिंदी आवृत्तीसाठी सेन्सॉरनं 'सीता'ची आधीच 'नीता' करायला लावली होती. त्या वेळी स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे पाठवला गेला आणि काटछाट न होता परत आला. त्याच दिग्दर्शिकेचा 'वॉटर' विधवांवरचा. त्याचं वाराणसीतलं चित्रीकरण 2000 साली बंद पाडलं आणि शेवटी तो श्रीलंकेत जाऊन करावा लागला. 2017 साली 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला सेन्सॉरनं प्रमाणपत्रच नाकारलं. चित्रपट बायकांचा आहे, बायकांच्या इच्छांचा आहे, हीच तक्रार. त्याच वर्षी रवी जाधव यांचा 'न्यूड' हा चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईवरचा मराठी चित्रपट. गोव्याच्या महोत्सवासाठी परीक्षकांनी निवडला होता, तो मंत्रालयानं यादीतून काढला. त्याच्याबरोबर काढलेल्या मल्याळी चित्रपटाच्या नावात दुर्गा होती. आणि 'पद्मावती'चा कोल्हापूरजवळचा, मसाई पठारावरचा सेट मार्च 2017 मध्ये जाळला. पुढं नटीचं नाक कापायची भाषा झाली. नाक कुणाचं कापायचं, तर बाईचं. शूर्पणखेपासून तेच चालू आहे.

या सगळ्यांत उघड हल्ला तरी होता. पुढं पुढं हल्ल्याचीही गरज उरली नाही. 'अन्नपूरणी' हा तमिळ चित्रपट घ्या. देवळाचा प्रसाद रांधणाऱ्या घरातली मुलगी. तिला हॉटेलातली मोठी आचारी व्हायचं आहे, त्यासाठी ती मांस शिजवायला शिकते, एका मुसलमान मित्राची मदत घेते. सेन्सॉरनं पास केलेला चित्रपट. डिसेंबर 2023 मध्ये चित्रपटगृहांत लागला. नेटफ्लिक्सवर आल्यावर मुंबईत पोलिसांत तक्रार झाली. जानेवारी 2024 मध्ये निर्मात्या कंपनीनं विश्व हिंदू परिषदेला माफीचं पत्र दिलं आणि चित्रपट तिथून उतरवला गेला. कोर्टात उभं राहायच्या आधीच. त्याच्या तीन वर्षं आधी 'तांडव' या मालिकेच्या वेळी असंच झालं होतं. माफी मागितली, दृश्यं कापली, तरी खटले राहिलेच. आता विचार करा, उद्या असाच विषय घेऊन एखादी मुलगी मोठ्या कंपनीच्या दारात गेली तर तिला काय सांगतील? 'नाही' कुणी म्हणणार नाही. म्हणतील, "विषय छान आहे, पण सध्या नको." हे 'सध्या' कधी संपत नाही. आणि जो चित्रपट झालाच नाही त्याच्यासाठी मोर्चा कुणी काढायचा?

सेन्सॉरनं कापलेल्याची निदान नोंद असते. किती फूट कापलं, कोणता शब्द गाळला, ते कागदावर राहतं. 1935 साली प्रभातनं एकनाथांवर चित्रपट केला. पैठणचेच नाथ, आपल्या गोदेचे. अस्पृश्याच्या घरी जेवणारा ब्राह्मण संत. नाव ठेवलं होतं 'महात्मा'. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला ते चाललं नाही, म्हणून 'धर्मात्मा' करावं लागलं. नव्वद वर्षं झाली तरी हे आपल्याला माहीत आहे, कारण ते दुसऱ्यानं करायला लावलं. आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले'ला 1950 च्या दशकात राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. सत्तर वर्षांनी, 2025 साली त्याच जोतिबा-सावित्रीवर हिंदीत 'फुले' आला, तर 11 एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला, लागायचा तो ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपानंतर 25 एप्रिलवर गेला. सेन्सॉरनं जातींची नावं आणि 'पेशवाई' हे शब्द बदलायला सांगितले. तीन हजार वर्षांच्या गुलामीची 'कित्येक वर्षांची' झाली. सावित्रीबाईंवर शेण फेकणारी मुलं कोणत्या जातीची होती, यावर वाद. शेण फेकलं गेलं यावर नाही. हेही आपल्याला ठाऊक आहे, कारण वर्तमानपत्रांत छापून आलं.

पण आमच्या चोवीस मिनिटांतली सात मिनिटं कुठं छापून आली? कुठंच नाही. म्हणून मी आज सांगते आहे.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे भाषण फार सोपं होईल.

आमच्या गटात एक मुसलमान कार्यकर्ती आहे. माझ्यापेक्षा लहान, फार हुशार. तिला मेहरवर फिल्म करायची होती. निकाहनाम्यात लिहिलेली रक्कम बायकोच्या हातात कधी पडते का, एवढा साधा प्रश्न. तिनं सगळं लिहून काढलं आणि मग बासनात बांधून ठेवलं. मला वाटलं, मौलवींना घाबरली. तसं विचारलं तर म्हणाली, "दीदी, त्यांच्याशी मी भांडेन. पण माझी फिल्म फोनवर फिरवून जे लोक आमच्या मोहल्ल्याला शिव्या देतील, त्यांना कशी थांबवू?" तिचं खरं होतं. 2024 साली 'हमारे बारह' नावाचा चित्रपट आला. बाईच्या बाळंतपणांच्या नावाखाली एका सगळ्या समाजावर बोट ठेवणारा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात वाद झाला, काही भाग कापून जूनमध्ये तो लागला. बाईचं दुःख दाखवून तिच्याच लोकांना झोडपायचं, ही युक्ती आपण ओळखलीच पाहिजे.

तेव्हा प्रत्येक गाळणं म्हणजे भ्याडपणा, असं मी म्हणणार नाही. आपल्या नांदेडात हुजूर साहिब आहे. शीख परंपरेत गुरूंची भूमिका नटानं करायची नाही, असा संकेत आहे. एखाद्या शीख बाईनं मनापासून तो पाळला तर ती तिची श्रद्धा आहे, भीती नव्हे. आमच्या बचतगटातल्या बाया काळेश्वराला जातात, उपास धरतात, पारायणाला बसतात. अक्का स्वतः दर एकादशीला उपास करते. देवाधर्माची टिंगल करणारी फिल्म त्यांनाच नको होती. म्हणून 'धर्म विरुद्ध बाई' अशी सरळ रेघ ओढता येत नाही. घाटावर बसून अक्कानं धर्म मोडला की पाळला? तिला विचारा. ती म्हणेल, पाळला.

आणि मग भावना दुखावतात त्या नेमक्या कुणाच्या? अक्काच्या भावना धार्मिक नाहीत का? आम्ही तिचा घाट कापला तेव्हा तिच्या भावना दुखावल्या. पण तिच्या नावानं कुणी पोलिसात जात नाही.

गुरुजींचं तर मला जास्तच लागलं. आम्ही मनाशी धरून चाललो होतो की धर्मवाले म्हणजे चिडणारच. काही महिन्यांनी बाजारात भेटले तर म्हणाले, "माझा भाग काढला म्हणे. काही चुकलं होतं का माझं?" ज्या माणसानं भर घाटावर दिरांपुढं 'बसू द्या तिला' म्हटलं, त्यालाच आम्ही संभाव्य दंगेखोर ठरवून कापला होता. त्याला विचारायचंही सुचलं नाही. भीती अशी असते. ती वाईट माणसांना मोठं करते आणि भल्या माणसांना पुसून टाकते.

मग आम्ही काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही.

कापलेला भाग त्या शूटिंगवाल्या मुलानं जपून ठेवला होता. म्हणाला, "मॅडम, मला वाटलंच होतं, तुम्ही परत येणार." आम्ही गावात गेलो. अक्का, तिच्या मुली आणि गटातल्या बाया बसल्या. पूर्ण चोवीस मिनिटं दाखवली आणि म्हटलं, आता तुम्ही सांगा. दोन तास बोलणं झालं. घाट ठेवायचा, सगळ्यांचं एकमत. बांगड्यांवर वाद झाला. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या फोडल्या तेव्हा कुणी नाही म्हटलं नाही. राहू दे, बघू दे लोकांना." मी त्यांना हेरवाडची गोष्ट सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. म्हणजे ज्याला सरकारी परिपत्रकाचा आधार आहे, ते दाखवायलाही आम्ही घाबरलो होतो. बांगड्या राहिल्या. एक गोष्ट मात्र बायांनीच काढायला लावली. थोरल्या जावेचा रडतानाचा चेहरा. अक्का म्हणाली, "ती माझ्या बाजूनं होती, पर तिला त्या घरात राहायचंय." तो आम्ही काढला. त्याचं मला वाईट वाटत नाही. तो निर्णय विचारून झाला आणि तो ज्यांना भोगायचं त्यांनी घेतला.

फरक मला इथं सापडला. आपण जीपमध्ये बसून निघून जातो. बाई गावात राहते. म्हणून 'घाबरू नका, दाखवा' असं तिला सांगायचा आपल्याला हक्क नाही. आणि त्याच कारणानं, तिच्या वतीनं परस्पर घाबरायचाही हक्क नाही. आधी विचारायचं. आम्ही तिला सगळ्यात शेवटी विचारलं होतं.

गावात फिल्म दाखवली त्या रात्री दोन-तीन जण मध्येच उठून गेले. धाकट्या दिरानं दुसऱ्या दिवशी दारात येऊन आरडाओरडा केला. गटातल्या बाया जाऊन उभ्या राहिल्या, तो गेला. पुढं आठ गावांत दाखवली. एका गावानं नको म्हटलं, तिथं नाही दाखवली. जमिनीचा फेरफार अजून अडकलेला आहे, हेही सांगते. फिल्मनं जमीन मिळत नाही. पण दोन गावांत बायांनी येऊन विचारलं की वारसनोंदीचा अर्ज कुठं मिळतो. सतरा मिनिटांच्या फिल्मनंतर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शेळीसाठी कर्ज कसं मिळतं, एवढंच विचारलं होतं.

आता थोडं कामाचं बोलते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणी पथनाट्य करतात, पोस्टर करतात, मोबाइलवर फिल्म करतात.

कायद्याची माहिती ठेवा. 'धार्मिक भावना दुखावल्या' हे जे कलम, ते इंग्रजांनी 1927 साली आणलं, भारतीय दंड संहितेचं 295-अ. जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत 299 व्या कलमात आहे. कुणाला तरी वाईट वाटलं, एवढ्यानं तो गुन्हा होत नाही. हेतुपुरस्सर, दुष्टबुद्धीनं धर्माचा अपमान केलेला असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं 1957 सालीच हे स्पष्ट केलं आहे. 1988 साली 'तमस' मालिका बंद करा म्हणून अर्ज आला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी ती आधी बसून पाहिली आणि मग अर्ज फेटाळला. आधी पाहिली, हे लक्षात ठेवा. 1989 साली सर्वोच्च न्यायालयानं एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सांगितलं की मोर्चाच्या आणि हिंसेच्या धमकीपायी अभिव्यक्ती दडपता येणार नाही, तिचं रक्षण करणं हे सरकारचं काम आहे. आनंद पटवर्धन यांची 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' ही धर्म आणि पुरुषीपणावरची फिल्म. दूरदर्शन दाखवायला तयार नव्हतं, 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं दाखवायला लावली. म्हणजे कायदा अगदीच आपल्या विरुद्ध नाही. पण तिथवर पोचायला वर्षं आणि पैसे लागतात. 'लिपस्टिक'ला ज्या अपील न्यायाधिकरणानं सोडवलं ते 2021 साली बंदच झालं. आता सेन्सॉरविरुद्ध दाद मागायची तर थेट उच्च न्यायालय. लहान माणसानं घाबरावं, याची सोय अशी केलेली असते. म्हणून एकटीनं काही करू नका. गट, जवळचा वकील, आसपासच्या संघटना यांना आधीपासून बरोबर घ्या.

आणि एक वही ठेवा. आम्ही तिला 'गाळवही' म्हणतो. फिल्म असो, नाटक असो, अहवाल असो. जे जे गाळलं ते तिच्यात लिहायचं. काय गाळलं, कुणी सुचवलं, कुणाची भीती होती, ती व्यक्ती खरोखर काही बोलली होती का, आणि जिची गोष्ट आहे तिला विचारलं का. तारीख घालायची. वर्षानं वाचायची. आमच्या वहीत पहिल्या वर्षी एकवीस नोंदी झाल्या. त्यात प्रत्यक्ष कुणी आक्षेप घेतला होता अशा दोन. बाकीच्या एकोणीस आमच्याच.

ती मेहरची फिल्म अजून झालेली नाही. तिची नोंदही वहीत आहे. खाली त्या मैत्रिणीनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'सध्या नको, पण माझी मी ठरवणार.' आम्ही ठरवलंय की तिनं केली तर पहिला खेळ मोहल्ल्यातल्या बायांसाठी होईल, आणि ती बाहेर कुणी वापरली तर उत्तर द्यायला आम्ही हिंदू बाया पुढे उभ्या राहू, तिला एकटीला उभं करणार नाही. ते आम्हाला जमेल की नाही, तेव्हाच कळेल.

आज संध्याकाळी जेवणानंतर याच हॉलमध्ये ती चोवीस मिनिटं दाखवणार आहोत. अक्का आली आहे, मागं बसली आहे. काय ठेवलं, काय काढलं, ते तिलाच विचारा.

एवढं बोलून थांबते.